दोन भोकांचा गोळा

मागच्या वर्षी सुनेनं मला पुण्यात एका बोलिंगच्या हॉलमध्ये नेलं. "आई, या भोकांत बोटं घाला आणि द्या सोडून," ती म्हणाली. मी काही गोळा सोडला नाही. उलटापालटा करून त्याची जड बाजू कुठली, ते बघत बसले. मागे रांग लागली, पोरं फिदीफिदी हसायला लागली. हसा बापड्यांनो, म्हटलं. या गोळ्याला जगात पहिलं भोक कुणी पाडलं ते मला ठाऊक नाही. धरणगावात ते आमच्या घरात पडलं, आणि त्यापायी मी सासऱ्यांना उलट बोलले.

सासऱ्यांना अख्खी गल्ली आबा म्हणायची. आबा कातारी होते. ओट्यालगतच्या खोलीत त्यांची खराद होती, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून कातायचं यंत्र. त्यांच्या वडिलांच्या वेळी ती दोरी ओढून फिरवायचे. आबांनी तिला मोटर लावली, पट्टा बसवला. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे, सगळं त्या खोलीतून बाहेर पडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि लोखंडी पलंग घरोघर आले होते. आबा सकाळी खराद पुसायचे आणि पुष्कळदा संध्याकाळी तशीच झाकून ठेवायचे.

माझे मालक जळगावला पाइपच्या कारखान्यात जात. त्यांचं म्हणणं एकच: खराद काढून टाकू आणि त्या खोलीत एसटीडी बूथ टाकू. आबा ऐकून घ्यायचे. शेवटी एकदा म्हणाले, "नानानं काम व्हऊ दे. ते बिघडनं ते काढ खराद." नानांचं काम जमलं तर खराद राहणार, बिघडलं तर निघणार, असं बापलेकांत ठरून गेलं.

हे नाना धुळ्याचे. जत्रांमधून खेळ लावायचे. फळ्यांची लांब वाट, तिच्या टोकाला नऊ लाकडी बाहुल्या, गोळा घरंगळत सोडायचा, सगळ्या पडल्या की स्टीलचा डबा बक्षीस. बाहुल्या आणि गोळे आबांकडचे. बाहुल्यांचं आबांनी आधीच जमवलं होतं. पहिल्या बाहुल्या वाऱ्यानंही पडायच्या, म्हणून बूड रुंद केलं. मग बुडाचे टवके उडायला लागले, तर बैलगाडीच्या चाकाला बसवतात तशी लोखंडी धाव प्रत्येकीच्या पायाला बसवली. घोडं अडलं होतं ते गोळ्यापाशी.

पहिले गोळे त्यांनी बाभळीच्या ओंडक्याच्या ऐन मध्यातून कातले. गाभा बरोबर मध्ये, दिसायला देखणे. आमच्याकडचं ऊन लागलं आणि महिन्याभरात तडकले. मग आबांनी पाळण्याच्या खांबांची रीत वापरली. खांब कातताना गाभा मध्ये घेत नाहीत, ओंडका चिरून बाजूचा तुकडा घेतात, म्हणजे तडा जात नाही. दुसरे गोळे तसे कातले, करडईच्या तेलात मुरवले, लाख चढवली. एकही तडकला नाही. पण नाना ते घेऊन परत आले.

"आबा, गोळा वाकडा जास," नाना म्हणाले. "लोके म्हनतस मी लबाडी करस. मांडव पाडा मना." चिडलेल्या लोकांनी त्यांचा मांडवच पाडला होता. प्लॅस्टिकचे गोळे करून देणारा कुणी जळगावात त्यांनी पाहून ठेवला होता. आता आबांना शेवटची संधी, गुरुवारपर्यंत.

आबांचा विश्वासच बसेना. त्यांच्याकडे मापाचं लोखंडी कडं होतं. त्यातून गोळा कुठूनही घाला, अलगद पार व्हायचा, केसाचा फरक नाही. तरी ओट्यावर सोडला की डावीकडे. ओटा तपासला, फळी तपासली, पाणसळ लावून बघितली. पुन्हा सोडला, डावीकडे. दोन दिवस जेवण नीट नाही. मला फार वाईट वाटायचं त्यांचं. वयानं हात थरथरायला लागला तरी कामाचा इतका पक्का माणूस, आणि एका गोळ्यानं त्याला खोटं पाडलं होतं.

आता आमच्या घरची एक गंमत सांगते. गंमत आता वाटते, तेव्हा डोकं फिरायचं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. सासूबाई असत्या तर त्यांच्यामार्फत बोलले असते, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. मालक दिवसभर जळगावला. घरात आम्ही दोघंच. चहा हवा असला की आबा छपराकडे बघून म्हणायचे, "कोन शे घरमा? चहा लागस." जणू घरात दहा बायका आहेत. मी चहा उंबऱ्यात ठेवायची आणि बांगड्या वाजवायची. साखर संपली तर भिंतीला सांगायचं, "साखर संपली बाई." मी पाचोऱ्याची, माहेरी घडाघडा बोलणारी. दोन वर्षं मी भिंतीशी संसार केला.

तर मंगळवारी ओट्यावरून एक गोळा घरंगळत आला आणि अंगणातल्या हौदात पडला. मी भांडी घासत होते. गोळा तरंगला, थोडा डुलला आणि स्थिर झाला. काळसर अंग खाली, पांढुरकं वर. मी बोटानं फिरवला. परत काळं खाली. आणखी तीन गोळे आणून टाकले, त्यांचंही तेच. गाभ्याकडचं काळं लाकूड जड असतं हे चुलीत सरपण घालणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. गोळा गोल होता, पण एका अंगानं जड होता. कड्याला ते कसं कळावं?

संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "जाऊ दे ना. दोन दिवसांत खराद निघतेच आहे." मला असा संताप आला की मी भाजी वाढायची तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले आणि मी पितळी घंगाळ पाण्यानं भरून खरादीच्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवलं. गोळ्याच्या जड बाजूला कुंकवाचं बोट लावलं आणि तो पाण्यात सोडला. कुंकू खाली गेलं. बोटानं वर आणलं, परत खाली. तिसऱ्यांदाही तेच. आबा पटाशी खाली ठेवून बघत होते.

मी घंगाळाला म्हणाले, "गोळा गोल आहे, पण एकीकडे जड आहे. जड बाजूला थोडं कोरलं तर सरळ जाईल."

आबाही घंगाळालाच म्हणाले, "भोके बुजामा जिंदगी गई मनी. आते मीच पाडू?"

त्यांचंही खरं होतं. लाकडात किडीचं एवढंसं भोक दिसलं तरी ते लाख आणि भुसा भरून असं बुजवायचे की शोधून सापडू नये. भोक म्हणजे कातणाऱ्याची नाचक्की. त्यांनी गोळा उचलला, कुंकू धोतरानं पुसून टाकलं आणि पाठ फिरवली. ते पुसलेलं बघितलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग वाकडाच द्या," मी म्हणाले. घंगाळाला नाही, भिंतीला नाही. त्यांना.

बोलून बसले आणि तशीच मागे फिरले. आत जाऊन चुलीपुढे बसले, रडले. आता हे मालकांना सांगतील, माहेरी निरोप जाईल, काय काय मनात आलं. स्वयंपाकातही लक्ष लागेना. आणि दुपारी बाहेरून आवाज आला गिरमिटाचा. लाकडात भोक पडताना येतो तसा, कुरकुर कुरकुर. मग पाण्याचा चुबुक असा आवाज. मग परत गिरमिट. मी दाराआडून बघितलं. आबा घंगाळापुढे उकिडवे बसले होते. एका भोकानं भागलं नाही, म्हणून शेजारी दुसरं पाडलं. कोरायचे, भुसा झटकायचे, पाण्यात सोडायचे, फिरवायचे. शेवटी असं झालं की गोळा बोटानं जिकडे फिरवावा तिकडेच राहायला लागला. तो त्यांनी पुसला आणि ओट्यावर सोडला. सुतात गेल्यासारखा सरळ गेला आणि टोकाला ठेवलेल्या तांब्यावर आपटला.

आबांनी तो चार वेळा सोडला. मी चारही वेळा तांब्याचा आवाज ऐकला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

गुरुवारी नाना आले. मालकांची सुट्टी होती, तेही होते. नानांनी गोळा हातात घेतला आणि त्यांची दोन बोटं आपसूक त्या दोन भोकांत गेली. "अरे वा आबा, धराले काय सोय करी," ते म्हणाले. वजनासाठी पाडलेली भोकं बोटांसाठी निघाली, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. नानांनी गोळा सोडला, नऊच्या नऊ आडव्या. परत सोडला, आठ. त्यांनी तिथंच सांगितलं, आणखी दोन खेळांचं सामान पाहिजे, पुढच्या जत्रेआधी.

मालक मध्येच बोलले. "आबा, एकट्याच्यानं होणार आहे का हे? हात थरथरतो तुमचा. कातायचं, लाख लावायची, पाण्यात तोलायचं. नाही म्हणून सांगा."

हात थरथरायचा हे खरं होतं. आबा आपल्या हाताकडे बघत राहिले. नाना खाली बघायला लागले. मी दाराआड उभी होते, पदर हनुवटीपर्यंत ओढून, आणि मला वाटलं, संपलं, आता ते हो म्हणणार.

आबांनी मान वर केली. छपराकडे नाही बघितलं, भिंतीकडे नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"तठे काय उभी शे? इकडे ये," ते म्हणाले. "डोकावरना पदर काढ. पट्टामा अटकी जाई."

मालक काहीतरी बोलायला गेले, पण आबांनी तोवर पटाशी माझ्यापुढे धरली होती. मी पदर डोक्यावरून काढला, कमरेला घट्ट खोचला आणि खरादीपाशी जाऊन बसले. एसटीडी बूथ आमच्या गल्लीत झालं पुढे, पण समोरच्या घरात.