शेळी तोंड लावत नाही तो पाला

आमच्या सासऱ्यांना, कुशाबामामांना, पाय मुरगळल्यावर लावायचा लेप येत होता. बस, एवढंच. ताप नाही, खोकला नाही, साप-विंचू नाही. पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची वाडी. तिथं पाय मुरगळायला कारण लागत नाही. दर रविवारी सकाळी ओट्यावर माणसं लंगडत यायची. मामा पाटा घेऊन बसायचे, पाला वाटायचे, कोमट करून लावायचे, वर फडकं बांधायचे आणि सांगायचे, "पाय टेकायचा न्हाई."

पुरुषाला चार दिवस, बाईला आठ. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "बाईचं हाड उशिरा बसतं," म्हणाले. भाताच्या आवणीत, लावणीच्या दिवसांत, आमच्या ओट्यावर बायकांची रीघ लागायची. त्यातल्या निम्म्या येताना बऱ्या चालायच्या, जाताना लंगडायच्या.

पैसे घ्यायचे नाहीत, बरं वाटल्यावर नारळ. आणि पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. म्हणून ही माणसं मरायच्या आदल्या दिवशी सांगतात, तेही पोराला. आता मरायचा आदला दिवस कोणता हे कळायचं कसं, ते कुणी विचारत नाही. आमचे मालक, रामनाथ, मंचरला गॅरेजात कामाला. मामांनी त्यांना दोनदा विचारलं, "घेतो का?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच." झालं!

सत्त्याण्णव साली मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला लई घाबरायचे, आणि कबूल तर मुळीच करायचे नाहीत. डोंगरात जाता येईना म्हणून पाल्याला मला धाडलं. मी कोण? पेठची. वडील तिथं शाळेत शिपाई, मी पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला वाढले. झाडांत मला वड, पिंपळ आणि तुळस ओळखता यायची. नाव घ्यायचं नाही म्हणून मामांनी खूण सांगितली, "वढ्याच्या वर, करवंदीच्या जाळीमागं. शेळी तोंड लावत न्हाई ते झुडूप."

शेळी तोंड लावत नाही अशी झुडपं आमच्या डोंगरात किती, हे शेळीलाच ठाऊक. मी पहिली जाळी गाठली. मागं एक झुडूप होतं. शेजारी वाडीतल्या धर्माजीच्या शेळ्या चरत होत्या आणि त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. आणखी काय पाहिजे? टोपलंभर खुडून आणलं.

त्या रविवारी मामांनी पाला वाटला, जरा थांबले, आणि ओट्यावरच्या माणसाला म्हणाले, "आज वार बरा न्हाई. फुडल्या रविवारी ये." रविवारसारखा रविवार, त्याला काय झालं होतं देव जाणे. पुढच्या आठवड्यापासून लेप सुरू झाला तो तीन वर्षं चालला. पाय बरे होत होते, नारळ येत होते. आमच्या घरात खोबरं कधी विकत आणलं नाही.

दोन हजार साली दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावर धुरकटलेली एक जुडी सापडली. "ती टाकू नगं, लेपाची हाये," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं डोळं चांगलं व्हतं तवाची." मी फडकं सोडलं. पानं लांबट. मी तीन वर्षं आणत होते ती गोल.

वाड्या-वाड्यांतून आलेल्या माणसांच्या पायाला मी कसला पाला बांधला होता! आणि राग असा आला की विचारू नका. अहो, नाव सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

नेमकं त्याच महिन्यात घोडेगावला डोळ्यांचं शिबिर लागलं. सासूबाईंनी मामांना सांगितलं, "उद्यापास्नं परसाकडं तुमचं तुमी जावा." मामा दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला तयार झाले.

आता त्यांना दिसणार. पाट्यावरची गोल पानं दिसणार. त्यांच्या वडिलांच्या हातून एकदा चुकीचा पाला लागला, तर त्यांनी लेप कायमचा सोडून पोराच्या हवाली केला होता. मामा कुणाच्या हवाली करणार? डोळे गेल्यापासून त्या माणसाला सोमवार ते शनिवार काही नव्हतं. होता तो रविवार, आणि तो मी घालवणार होते.

मामा परत यायच्या आदल्या दिवशी मी वाळलेलं पान पदराला बांधलं आणि डोंगर चढले. पहिली जाळी, दुसरी जाळी. तिसऱ्या जाळीमागं, पार कड्याखाली, लांबट पानांचं झुडूप सापडलं. ओटीभर खुडलं, वळले, आणि पाय मुरगळला. घरी पोचेपर्यंत अंधारून आलं. वाटेत रडले. पायासाठी नाही.

रविवारी मामा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले. मी लांबट पाला पुढं ठेवला. त्यांनी आधी पाला बघितला, मग माझा पाय.

"कुटं पडली?"

"कड्याखाली." आणि मग मी सगळं ओकून टाकलं. "मामा, तीन वर्षं मी दुसराच पाला आणला. तुम्हाला दिसत नव्हतं. लोकांना फसवलं मी."

"ठाव हाये," मामा म्हणाले. "डोळं गेलं व्हतं, नाक न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ह्यो न्हाई, त्यो आण म्हनायचं, तर नाव घ्यावं लागतं. पयल्या रविवारी मानूस माघारी धाडला. आठ दिस माज्याच गुडघ्याला लावून बघितला. सूज उतरली. मंग लोकांना लावला." त्यांनी कड्याखालचा पाला बाजूला सारला. "ह्यो माज्या बापाचा. तुजा कुटं हाये? आण, आन् तूच वाट."

टोपल्यात उरलेला गोल पाला आणून मी वाटला. मामांनी माझ्या पायाला बांधला.

"इंद्रायणे, तुला कुनी सांगितला न्हाई. तवा कुनाचा गुण बी गेला न्हाई," ते म्हणाले. "आठ दिस पाय टेकायचा न्हाई." मग सासूबाईंकडं वळून, "ऐकलं का?" सासूबाईंनी हंडा उचलला आणि पाण्याला गेल्या.

मामा दोन हजार सहा साली गेले. आदल्या दिवशी शुद्धीवर होते, बोलत होते. रामनाथ उशाशी बसून वाट बघत होते, आता सांगतील, मग सांगतील. मामांनी माझ्याकडं बघितलं, चहा मागितला, प्याले, आणि झोपले.

रविवारी आता ओट्यावर मी बसते. पुरुषाला चार दिवस, बाईला आठ. पाला कोणता, ते मात्र विचारू नका.