हिंगाचा वास

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे चंदनबालाची खानावळ होती. चार टेबलं, आणि दिवस मावळायच्या आत चूल बंद. हळद घेऊन यार्डात येणारे जैन शेतकरी तिथेच जेवत. त्या सगळ्यांनी लहानपणीच मुनींकडून कांदा-लसूण न खाण्याचा नेम घेतला होता, चंदनबालानेही. दारावर पाटी नव्हती. समडोळीच्या बाळगोंडाने एकाला सांगावं, त्याने दुसऱ्याला. यार्डात तेवढं पुरे.

शहाण्णव साली एका दैनिकाने रविवारच्या पुरवणीत ‘कुठे जेवाल?’ असं सदर सुरू केलं. अवधूत नावाचा तरुण ते लिहायचा. ओळख न देता यायचा, जेवायचा, पैसे देऊन जायचा. चंदनबालाची आमटी त्याला मनापासून आवडली आणि त्याने मनापासून लिहिलं : ‘अशी खमंग लसणाची फोडणी साऱ्या सांगलीत नाही.’

सोमवारी बाळगोंडा दारातच उभा राहिला. पायातल्या चपला त्याने काढल्या नाहीत.

“आक्का, लसूण घालतीस व्हय गं?”

“आवं न्हाई मामा. हिंग हाय. डबा दावू?”

“पेपरात छापलंय.”

“इतकी वर्सं जेवतायसा हितं. तुमच्या जिभंला कळलं न्हाई व्हय?”

“जल्मात लसूण तोंडात घातला न्हाई. त्येची चव मला कशी ठावी? वासाचं म्हणशील, तर हिंगबी वास मारतोयच. तू हिंग म्हणून वाढलंस, मी हिंग म्हणून खाल्लं. तुज्यावर इस्वास हाय गं. पर आता घास उतरायचा न्हाई.”

तो गेला, त्याच्यामागून बाकीचे गेले. तिच्या बाजूने साक्ष देईल असा एकही जण त्यांच्यात नव्हता. सगळ्यांनी नेम पाळला होता.

ती वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. अवधूतने उठून खुर्ची दिली.

“चुकलं काकू. पण वाईट तर नाही ना लिहिलं? गर्दी वाढली असेल उलट.”

खुलासा छापून आला, आतल्या पानावर, हरवलेल्या माणसांच्या खाली. लोक कौतुकाचं कात्रण खिशात ठेवतात; खुलासा कुणी कापत नाही.

गर्दी मात्र खरंच वाढली. बँकेतली माणसं आली, कॉलेजची पोरं आली, मिरजेहून मोटारी आल्या. कात्रण टेबलावर ठेवून म्हणायची, “ती लसणाची आमटी आणा.” आपण लसूण घालत नाही म्हटलं की निम्मी उठायची. एकजण हसून म्हणाला, “का मावशी, पेपरवाल्याला एक आमटी आणि आम्हाला दुसरी?”

नवरा सन्मती गल्ल्यावर बसायचा. एकदा तो म्हणाला, “जायाचं ते गेलं. आलंय त्येला तरी धर. का खुलाशावर चूल पेटवणार हायस?”

दिवाळीपर्यंत तिने हिंगच धरून ठेवला. मग एका सकाळी तिने स्वतः लसूण सोलला. हातांचा वास जाईना, म्हणून ते राखेने घासले.

तेव्हापासून ती स्वतःपुरतं घरी वेगळं शिजवते. खानावळीतल्या आमटीचा थेंब जिभेवर ठेवता येत नाही, म्हणून पहिलं ताट वाढताना गिऱ्हाइकालाच विचारते, “मीठ बघा बरं जरा.” सन्मतीने कात्रणाला चौकट करून घेतली. चूल आता दिवस मावळल्यावरही जळते.

अवधूत पुन्हा एकदा येऊन जेवून गेला. त्याने लिहिलं : ‘चव अगदी तीच.’

पुढच्या हंगामात बाळगोंडा यार्डात हळद घालून त्या रस्त्याने चालला होता. खानावळीसमोर त्याची पावलं थबकली. फोडणी नुकतीच पडली होती. चंदनबाला दारात आली.

“आक्का,” तो रस्त्यावरूनच म्हणाला, “ह्यो वास तवा नव्हता गं.”

“नव्हता मामा.”

त्याने पायरीकडे पाहिलं. टॉवेलाने तोंड पुसलं आणि चालू लागला.

आतून कुणीतरी ओरडलं, “मावशी, आज मीठ कमी पडलंय!”

ती मिठाचा डबा घ्यायला वळली.