पोळ्याचा माईक आणि उजवा गाल

समस्त ग्रामस्थ, पै-पाहुणे, माता-भगिनी आणि मंडपाच्या बांबूला टेकून उभी असलेली मंडळी, कृपया शांतता राखा. एक अत्यंत गंभीर घोषणा आहे. नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात, पोळा अगदी तोंडावर आलेला असताना, प्रस्तुत लेखकाच्या खालच्या जबड्यातली उजवीकडची अक्कलदाढ नगर मुक्कामी हिरडी चिरून, हाड कोरून, तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढण्यात आली. तिच्या पश्चात एक जबडा, दोन गाल आणि मोठा आप्तपरिवार आहे. पैकी उजवा गाल पुढचे काही दिवस गावात विशेष गाजला.

आता बसा. सविस्तर सांगतो.

आमचं गाव घोडेगावच्या जनावरांच्या बाजारापासून जवळच. पोळ्याच्या संध्याकाळी गावातली प्रत्येक बैलजोडी वाजत-गाजत वेशीतल्या तोरणाखालून जाते. तोरणाच्या बाजूला मंडपवाल्याचा माईक, आणि माईकवर मी. कॉलेजात असल्यापासून हा मान माझाच. जोडी आली की मी मालकाचं नाव पुकारायचो आणि मग सुटायचो. "पाहा मंडळी, डौल पाहा! ही जोडी रस्त्यानं चालत नाही, रस्त्यावर उपकार करते आहे!" शिंगांना बेगड कुणी लावली, झुलीवर आरसे किती, बैलाची मान कशी आणि मालकाची मिशी कशी, काही म्हणून सोडायचो नाही. लोक बैल बघायला येतात की मला ऐकायला, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा माईकच्या आसपासही फिरकत नसत. चारचौघांत बोलायची वेळ आली की टोपी काढायची, डोकं खाजवायचं आणि टोपी परत घालायची, हेच त्यांचं भाषण. त्या वर्षी मात्र आमच्या गोठ्यात नवी जोडी होती. दादांनी घोडेगावच्या बाजारातून दुधाचे दात पडायच्या आधीची दोन खिल्लार खोंडं आणली होती, पोटच्या पोरासारखी वाढवली होती, स्वतः औताला शिकवली होती. थोरला शांत, धाकटा नखरेल. यंदा ती पहिल्यांदा तोरणाखालून जाणार होती.

श्रावण लागला तसं एकदा वैरण टाकता टाकता, माझ्याकडे न बघता दादा म्हणाले, "औंदा आपल्या जोडीचं बी सांग की जरा. लोकांच्याचं लई सांगतोस."

दादांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. मी त्याच दिवसापासून वाक्यं जुळवायला लागलो. आणि वाक्यं जुळत आली, तशी दाढ ठणकायला लागली.

नगरच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण आणि हातानं खंबीर होत्या. शस्त्रक्रिया झाल्यावर माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे पुढचं सगळं त्या दादांना सांगत होत्या.

"सूज उद्या वाढेल, परवा आणखी वाढेल. घाबरायचं नाही. नंतर उतरते."

"पोळ्याला बोलंल का त्यो?" दादांनी विचारलं.

"या आठवड्यातच आहे ना पोळा? थोडं थोडं बोलतील."

"थोडं न्हाई वो जमत त्याला."

बाई हसल्या. "मग मी सांगते ते सगळं पाळायचं." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आज आणि उद्या बर्फ. कापडात गुंडाळून गालावर थोडा वेळ धरायचा, थोडा वेळ काढायचा. गरम काही खायचं-प्यायचं नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचं झाकण; म्हणून थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, ओढून काही प्यायचं नाही. ते झाकण निघालं तर आत्ताचं दुखणं बरं होतं म्हणायची वेळ येईल. गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. डोकं उंचावर ठेवून झोपायचं. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याची हलकी गुळणी. बर्फाचे दिवस संपले की मग बाहेरून कोमट शेक, आणि हळूहळू तोंड उघडायचा सराव.

"बोटं घालून बघायचं. तीन बोटं उभी गेली की जबडा मोकळा झाला."

दादा बैलाच्या डॉक्टरचं ऐकावं तसे मान खाली घालून एकाग्रतेनं ऐकत होते. एसटीत बसल्यावर त्यांनी ते सगळं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी मान डोलावली, कारण तेवढंच शक्य होतं.

पहिली अडचण बर्फाची. गावात फ्रीज होते दोन-तीन घरी, पण बर्फ जमायच्या आत लाईट जायची. दादा दुधाची किटली घेऊन सायकलवर बसले आणि शेजारच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून बर्फ भरून आणला. तिथे लशी ठेवायचा फ्रीज होता, आणि खोंडांच्या निमित्तानं तिथल्या मंडळींची नि दादांची दोस्ती होती. लाळ्या-खुरकताच्या लशीशेजारी जमलेला तो बर्फ माझ्या गालावर, आणि माझ्या ओठाच्या बधिर कोपऱ्यातून लाळेची धार. त्या दिवशी मला कुणी गोठ्यात बांधलं असतं तरी तक्रार करायला जागा नव्हती.

दुसरी अडचण चुलती. भिंतीपलीकडेच तिचं घर. ती फडक्यात तापलेली वीट घेऊन आली.

"अगं बया! सुजीला बर्फ कुनी लावतं व्हय? गार लागून वात धरंल पोराला. हो बाजूला, शेकते."

आई दारात आडवी उभी राहिली. "डॉक्टरीन म्हनली, दोन दिस गरम न्हाई."

"डॉक्टरीन काल शिकली. मी किती जनांच्या सुजा उतरवल्या, इचार गावाला. मंग निदान मिश्री तरी लाव दाढंला."

"दाढ हाय कुठं लावायला? काढली न्हवं का?"

चुलती माझ्याकडे बघून म्हणाली, "होती तेवढी अक्कल नगरला ठिवून आला, दुसरं काय." वीट मात्र तिनं परत नेली नाही. चौकटीपाशी ठेवून गेली, आमची बुद्धी ताळ्यावर येईल त्या वेळेसाठी.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी: चहा. आमच्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही, आणि दुखणेकऱ्यानं सोबत घोटभर घेतला नाही तर त्याला तो अपमान वाटतो. चहा घेणे म्हणजे काय? बशीत ओतायचा आणि फुरका मारायचा. जितका मोठा फुरका, तितकं यजमानीणबाईंचं कौतुक. आणि मला नेमका फुरकाच वर्ज्य! गरम वर्ज्य, ओढणं वर्ज्य. सगळं घर फुर्र-फुर्र करतं आहे आणि मी पार निवलेला चहा चमच्यानं डाव्या गालात सोडतो आहे. भेटायला आलेले एक म्हातारे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि निघताना आईला हळूच म्हणाले, "लई वंगाळ झालं."

सूज बाईंनी सांगितल्याबरहुकूम वाढली. इथे मला थोडा अभिमानानं बोलू द्या. साधी गोष्ट कधी माझ्या हातून झाली नाही, सूज तरी साधी कशी होईल? आरशात डावीकडून पाहिलं तर मी, उजवीकडून पाहिलं तर नाटकातला सावकार. डोळ्याखालपासून मानेपर्यंत गाल असा तुकतुकीत भरला होता, की पाहणारा आधी थक्क व्हायचा आणि मग हळहळायचा. दुपारनंतर लोक बैलांच्या साजाची खरेदी सोडून मला बघून जायला लागले. मी खाटेवर दोन उशांना टेकून, एका हातानं बर्फाचं फडकं धरून, दुसऱ्या हातानं सगळ्यांचे नमस्कार घेत होतो. ठणका होता, खोटं कशाला सांगू. गोळीचा अंमल उतरायला लागला की कानशिलापर्यंत कळ जायची. पण आई घड्याळाकडे बघून गोळी पुढे करायची, पातळ मुगाच्या खिचडीचे चार घास चारायची, आणि मी मुकाट गिळायचो. गावानं मला मुकाट असं त्याआधी पाहिलंच नव्हतं.

रोज सकाळी तपासणी दादांची. बाजारात बैल घेताना वय दातांवरून ठरतं. दोनदाती, चारदाती, आणि सगळे दात आले की बैल जुळला म्हणतात. दादांचा त्यात हात बसलेला. एक अंगठा हनुवटीखाली, बोटं ओठाच्या कोपऱ्यात, आणि भल्या-भल्या बैलाचं तोंड उघडायचं. माझंही उघडायचं. ते उजेडाकडे माझी मान वळवायचे, आत डोकवायचे, बोट उभं धरून मापायचे.

"आज एक बोट." दुसऱ्या दिवशी, "एकच. पर सैल गेलं." त्याच्या पुढच्या दिवशी, "दीड."

आई ओरडायची, "अवो, हात तरी धुतलं का?"

"धुतल्यात. बैलाला धुवत न्हाई, ह्याला धुतल्यात."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजतात, घट्टे पडतात. त्या दिवशी ते गरम पाण्यानं शेकायचे आणि हळद-लोणी लावून मळायचे. दादांनी थोरल्याचा खांदा शेकला, मळला. धाकट्यानं नेहमीप्रमाणे नखरे केले, त्यालाही शेकलं. बर्फाचे दिवस संपून माझे शेकाचे दिवस लागले होते. दादांनी नवं फडकं मागून घेतलं, कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं, मनगटावर लावून पाहिलं आणि म्हणाले, "चल, आता तू."

मी त्या दोघांच्या शेजारी ओट्यावर बसलो. तीच माया, तोच हात. फडकं गालावर टेकलं आणि इतक्या दिवसांचा आवळलेला जबडा आतून सुटल्यासारखा वाटला. मग दादांनी रीतीप्रमाणे थोरल्याच्या कानाशी वाकून आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." धाकट्याला दिलं. आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता माझ्या कानाशी वाकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

आई आत जाऊन हसली. मला हसता येत नव्हतं, टाके होते.

पोळ्याच्या सकाळी दोन बोटं गेली. सूज निम्म्यावर आली होती. बैलांना पुरणपोळी, मला नुसतं पुरण दुधात कालवून. मी एक बेत केला होता: संध्याकाळी बाकीच्या जोड्यांवर जबडा खर्च करायचाच नाही. सगळं आपल्या जोडीसाठी राखून ठेवायचं.

झालं तसंच. मानाची जोडी आली. मी नाव पुकारलं आणि म्हणालो, "वा!" पुढची आली. "छान!" गर्दीत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी ओरडलं, "काय रं, ब्याटरी उतरली का?" दुसरा म्हणाला, "ब्याटरी न्हाई, गालात अडकलंय समदं!" लोक हसले. मी गाल धरून शांत राहिलो. माझ्यासारख्या माणसानं भरल्या माईकपुढे शांत राहणं ही केवढी तपश्चर्या, हे समजायला गाव लहान पडलं.

आणि मग आमची जोडी आली. मी आजवर कितीतरी जोड्यांची खोटी स्तुती केली आहे, ही खरी आहे. शिंगं हिंगुळानं लाल, टोकांना पितळी शेंब्या, आईनं शिवलेल्या झुली. थोरला मान खाली घालून गंभीर, धाकटा मान उडवत, घुंगरांच्या माळा एका ठेक्यात. मध्ये दादा, नवी टोपी, हातात कासरा. तोरणाखाली येऊन थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

मी छाती भरून घेतली आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वाक्यासाठी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. दोन बोटांच्या जबड्यानं तीन बोटांचं उघडलं. तिथेच घात झाला. टाक्यापासून कानापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे, आणि स्पीकरमधून सगळ्या गावाला फक्त "फ्फ" ऐकू गेलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "फ्फ". ताशेवालेही थांबले. बायकांच्या गर्दीतून आई दोन्ही हातांनी खुणा करत होती, "बास, बास."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. जोडीकडे पाहिलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मला वाटलं, झालं यांचं भाषण. पण त्यांनी कासरा माझ्या हातात दिला, माझ्या हातातला माईक घेतला आणि कुदळीचा दांडा धरावा तसा दोन्ही मुठींत आवळून धरला. स्पीकर कर्कश किंचाळला. दादा दचकले, पण माईक सोडला नाही. आणि वेशीपासून मारुतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"ही जोडी माझी हाय, आन् ह्यो सुजलेला बी माझाच हाय!"