आधी तू उचल

खानापूरच्या स्टँडवर हार विकणाऱ्या त्या म्हातारीचं नाव मी कधी विचारलं नाही. हार बांधून झाला की ती तो कपाळाला टेकवायची, मगच गिऱ्हाईकाला द्यायची.

निवडणुकीआधी एक उमेदवार ताटात देवाचा भंडारा घेऊन घरोघर फिरला. भंडारा उचलून त्यालाच मत द्यायची शपथ घ्यायची. मी मुकाट्यानं उचलला होता.

मतदान झाल्यावर हार घेताना मी तिला विचारलं, "आक्का, तुम्हीपण उचललात?"

"त्येला म्हटलं, निवडून आल्यावर खोटं बोलणार न्हाय म्हणून आधी तू उचल, मग मी उचलते. ताट घिऊन माघारी गेला की रं!"

मला राहवेना. "मग मत कुणाला दिलंत?"

नवा हार कपाळाला टेकवून ती म्हणाली, "ते देवालाबी सांगितलं न्हाय, तुला कशाला सांगू?"