घरातला नाका

पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद रस्त्याने आजवर काय काय पसार झालं असेल ते असो, पण माझ्या थोरल्या साडूंच्या घरात त्यांनी चौकशी केल्याशिवाय साधी माशीही कधी शिरलेली नाही. उभी नोकरी त्यांनी हमरस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर काढली. ट्रक कापसाचा असो, कडब्याचा असो की कोंबड्यांचा, साडू खुर्चीतून उठायचे, गाडीभोवती एक सावकाश फेरी मारायचे आणि ड्रायव्हरला तीनच प्रश्न विचारायचे: कुठून आले, कुठं चालले, सोबत काय हाय. मग लांबलचक लोखंडी सळई मालात खुपसायचे. कापसाखाली चोरटं सागवान दडवून नेणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि ज्या दिवशी सळईला लाकूड लागे त्या दिवशी घरी जिलेबी येई. तपासायची प्रत्येक गाडी आधी बाजूला उभी राहायची, मग कागद, मग सळई, आणि सगळं ठीक असलं की साडू स्वतःच्या हाताने आडवा दांडा वर करायचे. ‘कागद खरे असलेली एकबी गाडी मी वापस नाही धाडली,’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं. सळई स्वतःचीच होती, तीही ते घरी घेऊन आले.

आता माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण नाका माणसातून निवृत्त होत नाही. तुरीचं पोतं घरात आलं की साडू आधी त्यात सळई घालतात. दारात आलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला मिळायच्या आधी तेच तीन प्रश्न मिळतात. मी नवा जावई म्हणून आर्णीहून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मलाही ते विचारले गेले, आणि मी गोंधळून पिशवीतला पेढ्यांचा पुडा उघडून दाखवला. त्यांनी एक पेढा तपासून खाल्ला, मग म्हणाले, ‘या मास्तर.’ शाळेत शिकवणारा माणूस म्हणून तेव्हापासून मी त्यांचा मास्तर आणि ते माझे भाऊ. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मी ताई म्हणतो. एवढ्या चौकशीत त्यांनी संसार कसा केला हे ताईंनाच ठाऊक, पण त्या म्हणतात की माणूस दिवसभर विचारत राहतो म्हणजे निदान बोलतो तरी.

एकुलत्या मुलीला मात्र हे मानवलं नाही. तिने परदेशात नोकरी धरली, तिथलाच एक मराठी मुलगा पसंत केला आणि त्याला घरी घेऊन आली. साडूंनी त्याला ओसरीवर बसवून इतकं खोदून विचारलं, त्याच्या आजोबांच्या गावापासून त्याच्या पगाराच्या चिठ्ठीपर्यंत, की पोरगा घामाघूम झाला. मुलगा चांगला निघाला, लग्नही झालं, पण त्या दिवशी मुलगी बापाला म्हणाली होती, ‘बाबा, मी काही ट्रकातला माल नाही.’ ते साडूंना लागलं. तेव्हापासून फोनवर ती आईशी तासभर बोलायची आणि बापाशी दोन वाक्यं. बरं आहे ना, बरं आहे. संपलं.

जाताना ती आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. ताईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं आणि साडूंना नवा नाका मिळाला. झालं असं, की कुणीतरी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरात बाहेरून व्हायरस शिरतात, तेही भल्या कामाचं सोंग घेऊन. कापसाखालचं सागवान! साडूंचे डोळे चमकले. ते त्याच आठवड्यात यवतमाळला गेले आणि अँटीव्हायरसचा डबा घेऊन आले. पुढच्या फेरीत दुसऱ्या कंपनीचा आणखी एक आणला. एका कॉम्प्युटरात दोन अँटीव्हायरस नांदत नाहीत, ते एकमेकांनाच चोर समजतात, हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले की नाक्यावरही ड्यूटीला दोन माणसं लागत, एकावर नजर ठेवायला दुसरा. या दोघांच्या भांडणात कॉम्प्युटर इतका मंद झाला की तो चालू होईतो ताईंचं वरण शिजून, फोडणी देऊन, झाकून होत असे. साडूंना त्याची खंत नव्हती. तपासणी म्हटलं की वेळ लागणारच, घाई चोराला असते, असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवारी ते संपूर्ण कॉम्प्युटरची तपासणी लावायचे आणि समोर हाताची घडी घालून बसायचे. त्या वेळात ताईंना मिक्सर लावायची बंदी, कारण विजेचा दाब पडला तर तपासणी मोडते. वीज गेलीच तर साडू ती पहिल्यापासून लावत. अर्धवट पाहिलेली गाडी म्हणजे न पाहिलेलीच. एकदा भाचा लग्नाचे फोटो पेन ड्राईव्हवर घेऊन आला. साडूंनी आधी दोन्ही अँटीव्हायरसकडून तो तपासून घेतला आणि मग फोटो बघताना प्रत्येक पाहुण्याची इतकी चौकशी केली की भाचा पुढच्या लग्नाचा अल्बम छापूनच घेऊन आला. दसऱ्याला साडू शस्त्रपूजन करतात, त्यात पाटावर सळई असते आणि सळईशेजारी ते दोन रिकामे डबे. तिघांनाही हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. ताई हसत नाहीत. मी हसलो, तर त्यांनी माझ्यापुढे प्रसादाची वाटी सरकवून माझं तोंड बंद केलं.

सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे फायरवॉल. बाहेरचं काही आत येऊ पाहतं किंवा आतलं काही बाहेर जाऊ पाहतं तेव्हा ती विचारते, याला सोडू का थांबवू? दुकानातला माणूस म्हणाला होता, ही एकदा नीट लावली की तुम्हाला त्रास देणार नाही. साडूंनी त्याला ठणकावलं की मला त्रास पाहिजे. दर वेळी, दर गोष्टीसाठी, मला विचारलंच पाहिजे. त्याने तसं लावून दिलं. पडद्यावर चौकट आली की साडू चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढत, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी निवृत्तीनंतर दुसऱ्या कशात पाहिलं नाही. मला ते बघायला आवडायचं, हे कबूल करतो.

मग मुलीला मुलगा झाला. तिने आईला फोनवर सांगितलं की दर रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरवर येईन, बाबांना बसायला सांग, नातू दाखवते. बापाशी मोडलेलं बोलणं या निमित्ताने जोडावं असं तिच्या मनात असणार, आणि साडूंच्या मनात तर होतंच. स्मार्टफोन त्यांनी घरात येऊ दिला नव्हता. त्यावर कोण येतं, कोण जातं, याचा पत्ता लागत नाही म्हणून दोघांकडे बटणांचेच फोन. तेव्हा नातू दिसायचा तो कॉम्प्युटरवरच. साडू रविवारी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. आणि मुलगी काही दिसेना. या रविवारी नाही, पुढच्या नाही. तिकडून ती आईला सांगायची, ‘बाबा कॉम्प्युटर लावतच नाहीत. त्यांना मला पाहायचंच नाही.’ इकडून साडू म्हणायचे की मी बसून आहे, तिलाच वेळ नाही. दोघेही खरं बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं वाटत होतं. नातू रांगायला लागला, मग धरून उभा राहू लागला. माझ्या बायकोच्या मोबाईलवर त्याचे फोटो आले, ते ताईंनी डोळे भरून पाहिले. साडूंनी तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या खिडकीतून नातू पाहायचा नाही, पोरीने दाखवला तर पाहीन, म्हणाले.

अशाच एका रविवारी आम्ही नवरा-बायको पांढरकवड्याला गेलो होतो. बहिणी स्वयंपाकघरात शिरल्या. ताईंनी मला दाराआड बोलावून एवढंच सांगितलं, ‘मास्तर, या माणसाले जराक समजवा. पोरीचा राग धरून कायले बसाचं? वय झालं आता.’ मी बाहेर आलो. साडू सदरा नीट करून कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी शेजारी खुर्ची घेतली आणि समजुतीचं पहिलं वाक्य मनात जुळवू लागलो. तेवढ्यात कॉम्प्युटर एकदाचा जागा झाला आणि पडद्यावर फायरवॉलची चौकट आली. इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. साडूंनी चष्म्यातून ते पाहिलं, थांबवण्याचं बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले आणि मुलीची वाट पाहू लागले.

मी ते नाव वाचलं होतं. मुलीशी ज्यावर बोलायचं, तोच तो प्रोग्राम होता.

‘भाऊ,’ मी विचारलं, ‘हे आता काय थांबवलं तुम्ही?’

‘असंल काही. दर रविवारी येते. नवी गाडी दिसली का पयले बाजूले उभी करायची, कागदं मंग पायतो ना.’

‘बाजूला म्हणजे कुठं?’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत मी शिकवतो तरी काय. ‘नाक्यावर. अजून कुठं?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना सावकाश सांगितलं की कॉम्प्युटरात थांबवलेली गाडी बाजूला उभी राहत नाही. तुम्ही नाही म्हटलं की ती तिथूनच परत फिरते, आणि तिकडच्या माणसाला दिसतं की इकडे कुणी बसलेलंच नाही. साडूंनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले,

‘वापस जाते? हॉर्नबी नाही मारत?’

‘नाही, भाऊ.’

‘म्हणजे मी इथं बसून राह्यलो तिच्यासाठी, अन् मीच तिले वापस धाडून राह्यलो.’

कागद खरे असलेली एकही गाडी परत न पाठवलेला माणूस तो. मला त्यांच्याकडे बघवेना. समजुतीची सगळी वाक्यं मी गिळून टाकली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, दोन्ही पहारेकऱ्यांचं भांडण मिटेपर्यंत आम्ही बसून राहिलो, आणि चौकट आली तेव्हा मी मुद्दाम हात लावला नाही. साडूंनी खुर्ची पुढे घेतली आणि सोडण्याचं बटण स्वतः दाबलं. थोड्या वेळाने घंटी वाजली. मुलगी दिसली. बापाला समोर पाहून ती इतकी दचकली की नुसतं ‘बाबा?’ म्हणाली. तेवढ्यात तिच्या मांडीवर नातू चढला, आणि साडूंनी घसा खाकरून, ओठांवर होतं तेच विचारलं,

‘कुठून आले? कुठं चालले? सोबत काय हाय?’

नातवाने मुठीतला चमचा पडद्याला लावून दाखवला. मुलगी हसता हसता रडू लागली. ताई आतून पिठाच्या हातांनी धावत आल्या, त्या पिठाचा डाग क्रोशाच्या झाकणावर अजून आहे.

आता साडू रविवारी मुलीची वेळ व्हायच्या आधीच फायरवॉल बंद करून टाकतात. दोन्ही अँटीव्हायरसही. मी म्हटलं, भाऊ, इतकं कशाला, एवढा एक प्रोग्राम कायमचा सोडून ठेवला तरी पुरे, सगळं उघडं टाकलं तर वाटेल ते आत येईल. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण ते म्हणाले, ‘येऊ दे, मास्तर. पोर घरी येऊन राह्यली, दांडा वर पायजे.’

यंदा दिवाळीला ती येणार होती, जमलं नाही. पुढच्या वर्षी येईल म्हणते. नातू आता बोलतो, पण साडूंची वऱ्हाडी त्याला निम्मी कळते, आणि त्याची बोली साडूंना तेवढीही नाही. ते तीन प्रश्न मात्र त्याला पाठ आहेत, तोच आजोबांना विचारतो. बोलणं संपून पडदा काळा झाला तरी साडू लगेच उठत नाहीत. दोन्ही पहारेकरी बंद, फायरवॉल बंद, सगळं सताड उघडं, आणि ते तसेच बसून असतात. ताईंनी जेवायला हाक मारली की मग हळूच दांडा खाली करतात.