हजेरी न देणारी मुलगी

सोमवार, १३ जुलै १९५३. पनवेल, प्राथमिक शाळा, इयत्ता पहिली. पटावर एकतीस. हजर अठ्ठावीस, गैरहजर दोन. उरलेली एक समोर बसली होती, पण हजेरी देत नव्हती.

चांगुणा हसुराम. वय सहा. बापाच्या नावासकट नाव पुकारायचं, मुलाने उठून 'हजर' म्हणायचं, हा शाळेचा रिवाज. चांगुणा ओठ मिटून पाटीकडे बघायची. महिना होत आला होता.

हेडमास्तर वर्गात आले. "पेणकरबाई, हिचं नाव कमी करा. दोन वर्षांपूर्वी हिच्या बहिणीचं केलं. घराणंच मुकं आहे."

"मुकी आहे हे तपासलं कुणी?"

"शुक्रवारी डेप्युटीसाहेब इन्स्पेक्शनला येतायत. माझ्या शाळेत मला तमाशा नको."

"मग शुक्रवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

संध्याकाळी घर शोधत गेले. भाताच्या गिरणीमागे झोपडी, बाप गिरणीत गोण्या वाहणारा. अंगणात नऊ वर्षांची बायजा, हीच ती मुकी बहीण, शेळीला खणखणीत आवाजात शिव्या घालत होती. मी सवयीने वही-पेन्सिल काढली. बायजाचं तोंड तिथल्या तिथे मिटलं.

हसुराम दारात आला. "बाई, वही पिशवीत ठेवा. मंग बोलू."

ठेवली.

तो चिरनेरच्या बाजूचा. तीस सालच्या जंगल सत्याग्रहानंतर तिकडे धरपकड झाली तेव्हाचं त्याने सांगितलं. "मी आठ वर्साचा व्हतो. कागद घेऊन एक मानूस आला. गोड बोलला. बापाचं नाव इचारलं, मी सांगितलं. त्याच रातीला बापाला न्हेलं. दोन वर्सांनी आला तो खोकतच. येका पावसाल्यात गेला. मला कुनी बोल लावला नाय. पन नाव मीच सांगितलेलं ना?"

त्याने बायजाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोरींना येकच शिकिवलंय. कागदवाल्याला नाव नाय सांगायचा."

"मग शाळेत घातलंत कशाला?"

"कागदावर काय लिवतात ते आमाला कवा कललंच नाय. यांना कलू दे."

रोज सकाळी हातात टाक घेऊन त्या पोरीला बापाचं नाव ऐकवणारी मीच होते. याद्या करणं माझा धर्म, यादीची कुणाला भीती वाटेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मंगळवारपासून मी पुकारा बंद केला. दारात वाडगा ठेवला. आत येताना प्रत्येकाने एक चिंचोका टाकायचा. चिंचोके मोजायचे, चेहरे बघायचे, पट मधल्या सुट्टीत भरायचा. चांगुणा रोज चिंचोका टाकू लागली. गुरुवारी शेजारणीशी भांडलीसुद्धा.

शुक्रवारी डेप्युटीसाहेबांनी वाडगा पाहिला. "हे काय? पुकारा घेतलाच पाहिजे, नियम आहे."

"साहेब, डोकी मोजा आणि पट ताडून बघा. चूक निघाली तर माझ्या नावावर शेरा मारा."

त्यांनी मोजलं. चूक नव्हती. मग हेडमास्तरांनी बोट दाखवलं, "ती मुकी." साहेब पेन्सिल घेऊन चांगुणाकडे वळले. "नाव काय तुझं?"

ओठ मिटले.

"साहेब, पेन्सिल खाली ठेवा," मी म्हणाले.

हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

चांगुणाने पेन्सिलीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "नाव नाय सांगनार. पाडा सांगू?"

पाचाचा पाढा पन्नासापर्यंत, न अडखळता. साहेबांना हसू आवरेना. नाव पटावर राहिलं. चांगुणा चौथी पास होऊन गेली. हजेरी तिने शेवटपर्यंत दिली नाही, मीही मागितली नाही.

मूल गप्प असलं की मी आता आधी माझ्या हातात काय आहे ते बघते. मग बापाला भेटते.

एक काम मात्र राहिलं. शाळा सोडण्याचं कारण ज्यात लिहितात त्या जनरल रजिस्टरात बायजासमोर 'मुकी' असा शेरा आहे. तो खोडावा म्हणून मी तीन अर्ज केले. तिसऱ्यालाही उत्तर नाही. बायजा आता बाजारात मासळी विकते. तिची हाक एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू येते. चौथा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी द्यायचा आहे.