लिफ्टवाल्या भावजींची चित्रं

फळ्यांच्या भिंतीला कान लावावा लागत नाही. ती भिंतच आपला कान ओढून घेते. आमच्या भिंतीपलीकडे माझा धाकटा दीर आणि धाकटी जाऊ राहायची. ती भांडायची आणि भावजी गप्प बसायचे, त्यामुळे भांडण नेहमी अर्धंच ऐकू यायचं. त्या दिवशी मात्र दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“लेकीचं लग्नाचं वय झालं, तरी तुमची चित्रांची पुस्तकं सुटेनात. तिच्या मैत्रिणी हसतात.”

“हसू देत. हसायचीच पुस्तकं आहेत ती.”

“दिवसभर त्या डब्यात तोंड मिटून उभे असता. घरी आलात की तेच तोंड पुस्तकात. माझ्याशी कोणी बोलायचं? या भिंतीनं?”

भिंतीपलीकडे मी होते, पण मी कशाला बोलू?

“अगं, दमतो मी. दिवसभर लोक कानाशी बोलत असतात. यातली माणसंही बोलतात, पण आवाज करत नाहीत.”

“असं होय? मग आजपासून मीही नाही करत आवाज.”

बाई शब्दाची पक्की. ‘मीठ संपलंय’, ‘पाणी आलंय’, ‘लेकीचा फोन होता’, एवढ्यावर तिनं पुढची कितीतरी वर्षं काढली. रुसवा असता तर निघाला असता. हळूहळू ती सवय झाली, आणि सवय काढायला कोण येणार? लेक सासरी गेली, तेव्हा दोघं दाराच्या दोन बाजूंना उभी राहून रडली.

भावजी एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचे. जुनी लिफ्ट, जाळीचं सरकतं दार, पितळेचा दांडा. दांडा कधी सोडायचा ते हाताला कळावं लागतं. लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर थांबली, तर स्ट्रेचरचं चाक अडकतं आणि वरचा माणूस कळवळतो. बसायला स्टूल दिलं होतं, पण स्ट्रेचर आलं की स्टूल बाहेर. म्हणजे स्टूल होतं नावाला, आणि पाय होते ते कामाला. संध्याकाळी घरी आले की पायांवर बुटाच्या कडांचे वळ दिसायचे.

कॉमिक्सचा नाद तिथंच लागला. रद्दीच्या दुकानातून दोन-तीन उचलून आणायचे, वाचून झाली की परत द्यायचे. जमवून ठेवायची हौस नव्हती. एखाद्या गोष्टीचा चौथा भाग मिळाला तर चौथाच वाचायचे. मी एकदा म्हटलं, “अहो भावजी, आधीचं माहीत नसताना कसं समजतं?”

“वहिनी, माझ्या लिफ्टमध्ये माणूस तिसऱ्यावर चढतो आणि पाचव्यावर उतरतो. त्याचं आधीचं मला कुठं माहीत असतं? तरी समजतं.”

साधं पुस्तक त्यांना झेपायचं नाही. एक ओळ वाचावी तर घंटी. परत यावं तर ओळ हरवलेली. चित्र मात्र असतं तिथंच उभं राहतं. मारामारीची पानं ते भराभर उलटायचे. म्हणायचे, “कोण जिंकणार ते पहिल्या पानावरच कळतं. मला मधली चित्रं आवडतात. एवढा मोठा शूरवीर, पण जिना चढतोय, बूट काढतोय, नुसताच खिडकीशी बसलाय. त्या चित्रात कोणी काही बोलत नाही. तिथं मी जरा टेकतो.” मलाही दोन-चार वाचायला दिली होती. दोन इयत्ता शिकलेल्या बाईला बरं असतं ते. अक्षर अडलं की चित्र हात देतं.

भावजी निवृत्त झाले, आणि वर्षभरात धाकटीला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण शाबूत राहिली. आता तिला उठवणं, पुसणं, भरवणं सगळं भावजींवर. मी मदतीला जायची, पण माझेही गुडघे काही कोरे नव्हते. दोन माणसं एका खोलीत दिवसभर, आणि बोलायला ‘कूस बदला’ एवढंच.

लेकीनं आपला जुना मोबाइल आणून दिला. त्यात वेबकॉमिक कसं उघडायचं तेही दाखवून गेली. भावजी आधी कुरकुरले. कागदाचा वास नाही, आधीच्या वाचणाऱ्यानं सांडलेल्या चहाचा डाग नाही, पान नाहीच. नुसतं बोटानं ढकलायचं आणि चित्रं एकाखाली एक येत राहतात. मग एक दिवस हसायला लागले. “वहिनी, ही तर लिफ्टच की! फक्त खालीच जाते.”

त्यात एक गोष्ट होती, दर गुरुवारी यायची. सर्कशीतून पळालेलं एक अस्वल शिवणकाम शिकतं आणि गल्लीत शिंप्याचं दुकान टाकतं. गिऱ्हाइकं घाबरत घाबरत माप द्यायला येतात, आणि मालक अस्वलाला शोधत हिंडत असतो. भावजी पलंगाशी बसून वाचायचे. एका गुरुवारी पलंगावरून आवाज आला.

“काय हसताय?”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, त्या घालत राहिले.

“अस्वल,” भावजी म्हणाले. “सदऱ्याला तीन बाह्या लावल्यात त्यानं.”

“दाखवा.”

त्यांनी मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला.

“जवळ नको, डोळ्यांत घालता का? हं. आता खाली. हळू! हाच हात का लिफ्ट चालवायचा? वर घ्या, वर घ्या, ती म्हातारी काय म्हणाली?”

त्यानंतर गुरुवारची वाट दोघंही बघायला लागली. बुधवारी तिचं सुरू व्हायचं. मालक दुकानात शिरेल का? शेजारीण चुगली करेल का? भावजी म्हणायचे, नाही करणार. ती म्हणायची, तुम्हाला बायका कळल्यात कधी? मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि चहा गार करायची.

मग एका गुरुवारी गोष्ट आलीच नाही. चित्रं काढणाऱ्या बाईनं चार ओळी टाकल्या होत्या. मनगट दुखतंय, काही दिवस हात थांबवते, माफ करा.

“थांबू दे बाई,” धाकटी म्हणाली. “मला माहीत आहे हात थांबणं म्हणजे काय.” आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसरा गुरुवार गेला, तिसरा गेला. भावजी मोबाइल उघडायचे, बघायचे, पालथा ठेवायचे. दुसरी कॉमिक्स दाखवली, तर तिनं डोळे मिटले. खोलीत पुन्हा ‘कूस बदला’ आणि ‘पाणी’. एकदा दारात येऊन भावजी मला म्हणाले, “वहिनी, एक अस्वल होतं, तेही गेलं. आता मी काय बोलू हिच्याशी?” एवढं दमलेलं मी त्यांना नोकरीतही पाहिलं नव्हतं.

“मला काय विचारता? तिला विचारा.”

त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते तिनं, दोन दिवसांनी. भावजी तिचा पाय चोळत होते.

“अहो, त्या तुमच्या डब्यात दिवसभर व्हायचं तरी काय?”

“काय होणार? वर आणि खाली.”

“एवढी वर्षं नुसतं वर आणि खाली?”

भावजींनी तिचा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाले, “दोन भाऊ यायचे. आई चौथ्या मजल्यावर. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाला वर न्यायचं, दुसऱ्याला खाली आणायचं, आणि भेट होऊ द्यायची नाही, ही जबाबदारी माझी.”

“मग? कधीच भेटले नाहीत?”

“उरलेलं गुरुवारी.”

“गुरुवार गेला खड्ड्यात! आत्ता सांगा.”

“एकदा दोघं एकदमच शिरले. मधे मी. दोघं छताकडे बघताहेत. चौथा मजला आला. आधी कोण उतरणार? कोणीच हलेना.”

“अगं बाई! मग?”

“मग मी म्हटलं, बाहेर निघा, स्ट्रेचर यायचंय.”

धाकटी हसली, तेही एकाच बाजूनं. “आणि बोलले का?”

“माझ्या लिफ्टमध्ये तरी नाही. जिन्यात बोलले असतील.”

रोज एक गोष्ट व्हायला लागली. पंख्याच्या वाऱ्यासाठी उगीच वर-खाली करणारा म्हातारा. मुलगा झाल्याच्या आनंदात चुकीच्या मजल्यावर उतरून परक्या बाळाचे लाड करणारा बाप. ती मधेच अडवायची, “खोटं!” भावजी म्हणायचे, “तू होतीस का तिथं?” ती म्हणायची, “कधी नेलंत?” आणि मग चांगलं खणखणीत भांडण. यातलं काही त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

काही महिन्यांनी अस्वल परत आलं. भावजींनी मोबाइल पुढे केला. “आलंय बघ.”

“असू दे. त्या म्हाताऱ्याला शेवटी पंखा मिळाला का, ते सांगा आधी.”

भावजी झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. ते काहीतरी सांगत होते, आणि धाकटीनं मधेच तोडलं, “गोळ्या संपल्यात. उठा, दुकान बंद होईल.”

“आणि गोष्ट?”

“ती कुठं पळतेय? जा.”

पिशवी घेऊन बाहेर आले. माझ्या दारात थांबले. “वहिनी, काही आणायचंय?”

“कपड्यांचा साबण आणा. निळा. पिवळा नको.”

कठडा धरून एकेक पायरी उतरले. बऱ्याच वेळानं चढून आले, दम खात माझ्या हातात साबण ठेवला. पिवळा. “हाच होता,” म्हणाले. आत जाऊन पेल्यात पाणी ओतलं, तिची मान हातावर घेतली, गोळी दिली, ओठ पुसले आणि रिकामा पेला फळीवर पालथा ठेवला.